बैलाचं शिंग, करवंटीचा कोळसा आणि 'नवी' कल्पना



पीएचडीच्या प्रस्तावात मी लिहिलं होतं, 'अन्नकचरा वापरून पोलाद कडक करणं ही नवी कल्पना आहे.' नारळाच्या करवंटीचा कोळसा आणि अंड्याच्या कवचांची पूड एका बंद डब्यात भरायची, त्यात माइल्ड स्टीलचा तुकडा पुरायचा आणि तासन्‌तास भट्टीत ठेवायचा, असा माझा बेत. गाइडने 'नवी' या शब्दाखाली रेघ ओढली आणि विचारलं, "कधीपासून नवी?" उत्तर शोधायला ग्रंथालयात गेले, ती थेट बाराव्या शतकात पोहोचले.

त्या काळी थिओफिलस नावाच्या युरोपीय भिक्षूने कलाकुसरीवर एक लॅटिन ग्रंथ लिहिला. कानस कडक करायची कृती त्यात आहे. बैलाचं शिंग जाळायचं, खरवडायचं, एक तृतीयांश मीठ घालून कुटायचं. तापून लाल झालेल्या कानशीवर ही पूड भुरभुरायची आणि मग पाणी द्यायचं. दुसऱ्या कृतीत चरबी आणि बोकडाच्या चामड्याच्या पट्ट्या आहेत. म्हणजे सगळा खाटकाकडचा उरलासुरला माल!

हे का जमतं, ते आज आपल्याला माहीत आहे. साधारण ९०० अंश सेल्सिअसला लोखंडाच्या पृष्ठभागात कार्बन शिरतो. पाणी दिलं की ते कवच कडक होतं, आतला गाभा मात्र चिवट राहतो. शिंगातल्या प्रथिनांमधून थोडा नायट्रोजनही मिळतो. थिओफिलसला यातलं काहीच ठाऊक नव्हतं, तरी कानस चालायची.

पुढे १७२२ मध्ये फ्रान्सच्या रेओम्यूरने पोलादावर ग्रंथ लिहिला. त्याने एकेक पदार्थ पद्धतशीर तपासला आणि काजळी, कोळशाची पूड, राख व मीठ यांचं मिश्रण निवडलं. प्रयोग उत्तम, पण स्पष्टीकरण चुकलं. लोखंडात 'गंधकी' द्रव्यं आणि क्षार शिरतात, असं त्याला वाटलं. खरा मानकरी कार्बन आहे हे व्हांडरमाँड, बर्थोले आणि मोंज या तिघांनी १७८६ मध्ये मांडलं. मधे चौसष्ट वर्षं गेली.

आता जरा आपल्याकडे या. हेलेनस स्कॉट या मुंबईतल्या डॉक्टरने 'वूट्झ' पोलादाचे नमुने लंडनला रॉयल सोसायटीच्या अध्यक्षांकडे धाडले. १७९५ मध्ये जॉर्ज पिअर्सनने त्यावर निबंध वाचला, आणि शीर्षकातच हे पोलाद 'मुंबईत बनवलेलं' ठरलं! वूट्झच्या नावाजलेल्या भट्ट्या होत्या दक्षिणेत. नमुना मुंबईहून आला, म्हणून कागदावर मुंबईचा झाला. म्हैसूर भागातली कृती बुकॅननने १८०७ च्या प्रवासवर्णनात छापली: मातीच्या मुशीत लोखंड, सोबत तरवडाचं लाकूड आणि वेलीची हिरवी पानं. हा अन्नकचरा नव्हे, पण तत्त्व तेच. कार्बन वनस्पतीतून घ्यायचा.

तुम्ही म्हणाल, या जुन्या गोष्टींचा प्रयोगशाळेत काय उपयोग? मला तीन झाले.

एक, रेओम्यूरच्या राखेत मला माझी अंड्याची कवचं दिसली. राखेत कार्बोनेट असतात, कवच तर बहुतांश कॅल्शियम कार्बोनेटच. तापल्यावर त्यातून कार्बन डायऑक्साइड सुटतो, कोळशाशी भिडून त्याचा कार्बन मोनॉक्साइड होतो, आणि तोच कार्बन लोखंडापर्यंत वाहून नेतो.

दोन, तुलनेचे नमुने वाढवले. एका डब्यात साधा लाकडी कोळसा, एकात कवचांऐवजी बाजारचं कॅल्शियम कार्बोनेट. कडकपणा सारखाच आला, तर करवंटीत जादू नाही असं लिहावं लागेल. मग दावा उरेल तो फक्त स्वस्ताईचा, आणि त्याचा हिशेब भट्टीच्या विजेसकट मांडावा लागेल.

तीन, नमुन्याच्या वहीत मी आता 'कुठून आणलं' आणि 'मूळ कुठलं' असे दोन वेगळे रकाने आखते. पिअर्सनची कृपा!

प्रस्तावातलं 'नवी' मी खोडलं. त्याजागी लिहिलं, 'जुन्या कृतीतला कोणता घटक नेमकं काय काम करतो, ते मोजणे.' वाक्य साधं झालं खरं, पण व्हायवात त्याच्यामागे उभं राहता येईल. तुमच्या प्रस्तावात 'प्रथमच' किंवा 'नवीन' असेल, तर सादर करण्याआधी स्वतःलाच विचारा: कधीपासून?