कॅमेऱ्याचा सेन्सर घरी कसा साफ करावा?

ईदगाहच्या फोटोंत निळ्या आकाशात काळपट ठिपके दिसतात, तेही प्रत्येक फोटोत त्याच जागी. आठवड्यापूर्वी हॉलमध्ये काढलेले निकाहचे फोटो मात्र स्वच्छ होते. मग घरात चर्चा सुरू होते की कॅमेरा गेला. बहुतेक वेळा तसं काही नसतं. लेन्स बदलताना आत गेलेली धूळ सेन्सरवर बसलेली असते. हॉलमध्ये कमी उजेडामुळे अ‍ॅपर्चर उघडं असतं, एफ २.८ वगैरे, तेव्हा धुळीची सावली पसरून दिसेनाशी होते. उन्हात एफ ११ किंवा १६ वर तीच सावली ठळक उमटते.

आधी खात्री करा. आयएसओ १००, अ‍ॅपर्चर एफ २२, फोकस मुद्दाम बिघडवून पांढऱ्या भिंतीचा फोटो काढा आणि मोठा करून पाहा. दुसरी लेन्स लावूनही ठिपका तिथेच असेल तर धूळ सेन्सरवरच आहे. समोरून सेन्सरकडे पाहताना वर-खाली उलटं होतं, हे लक्षात ठेवा. फोटोत वर डावीकडे असलेला ठिपका सेन्सरवर खाली डावीकडे सापडेल.

बॅटरी पूर्ण चार्ज करा. अर्ध्यात संपली तर डीएसएलआरचा आरसा आणि शटर खाली येतं. पंखा बंद करा, हात साबणाने धुवा. बोटांना अत्तर लागलेलं असेल तर जरा जास्तच धुवा, कारण तेलाचा डाग धुळीपेक्षा वाईट. मेनूतून सेन्सर क्लीनिंग निवडा, कॅमेऱ्याचं तोंड खाली धरा आणि रबरी ब्लोअरने आठ-दहा वेळा हवा मारा. ब्लोअरचं टोक आत घालायचं नाही. पुन्हा भिंतीचा फोटो काढून पाहा. बहुतेकांचं काम इथेच संपतं.

तोंडाने फुंकर मारू नका, थुंकीचे थेंब उडतात. कॉम्प्युटर साफ करायचा हवेचा डबाही नको, त्यातून द्रव बाहेर येऊन डाग पडतो. कानात घालायचा कापूस, चष्म्याचं कापड, हे तर अजिबात नाही.

चिकटलेला डाग असेल तरच ओली सफाई. स्वॅब सेन्सरच्या मापाचा घ्या: फुल फ्रेमला २४ मिलिमीटर, एपीएस-सीला १६. त्यावर सेन्सर क्लीनरचे दोनच थेंब टाका, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हलक्या हाताने एकदा न्या, स्वॅबची बाजू उलटून परत आणा आणि तो फेकून द्या. तोच स्वॅब पुन्हा वापरला की वाळूचा कण ओरखडा पाडतो. खरं तर आपण सेन्सरवरच्या फिल्टरची काच पुसतो, पण तिला चरा गेला तरी खर्च मोठाच. काही क्लीनरमध्ये मिथेनॉल असतं. ते विषारी आणि ज्वलनशील आहे, म्हणून बाटली मुलांपासून आणि गॅसपासून लांब ठेवा.

मिररलेसमध्ये लेन्स काढल्यावर शटर बंद दिसत असेल तर त्याच्या पात्यांना हात लावू नका, ती फार नाजूक असतात. सेन्सर हलणारा असेल तर दाब देऊ नका.

दोनदा ओली सफाई करूनही डाग राहिला तर थांबा आणि सर्व्हिस सेंटरला द्या. ज्यांच्या घरात मुलगा लग्नाच्या ऑर्डरी घेतो त्यांनी हे काम निकाहच्या आदल्या रात्री काढू नये. चार-पाच दिवस हातात ठेवा, म्हणजे काही चुकलंच तर दुसरा कॅमेरा भाड्याने मिळवता येईल.