हाफबॅकची नोकरी

उस्मानपुरा ही छत्रपती संभाजीनगरातली शिकणाऱ्या पोरांची वस्ती. स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर १९६० साली सुरू झालेलं शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, जवळच संत एकनाथ रंगमंदिर आहे. शिक्षण घेऊन नोकरीला लागायचं, हा इथल्या घरांचा सरधोपट हिशेब. खेळ त्या हिशेबात बसत नाही, कारण अंगात कस आणि जिद्द असेल तर खेळाडू कुठूनही वर येतो, अशी आपली समजूत आहे. नाही आला, तर जिद्द कमी पडली असं आपण मानतो. फुटबॉलमधल्या मधल्या फळीचा इतिहास मात्र वेगळं सांगतो. गोल मारणारा एखादा उपजत गुणावर चमकून जाईल. नव्वद मिनिटं पुढे-मागे धावणारा, चेंडू हिसकावून दुसऱ्याच्या पायात देणारा हाफबॅक घडायला वर्षं लागतात, आणि त्या वर्षांत त्याची चूल कोणीतरी पेटती ठेवावी लागते. आपल्याकडे ते काम नोकरीने केलं.

हाफबॅक फॉर्च्युनाटो फ्रँको यांची सुरुवातीची वाटचाल पाहा. जन्म १९३०च्या दशकातला, पोर्तुगीज राजवटीतल्या गोव्यात, बार्देशातल्या कोलवाळचा; वाढले मुंबईत. आधी पश्चिम रेल्वेच्या आणि पुढे टाटा स्पोर्ट्स क्लबच्या संघातून ते खेळले. त्या काळच्या मुंबईत रेल्वे, टाटा, कॅल्टेक्स अशा आस्थापनांचे संघ कुलाब्याच्या कूपरेज मैदानावर एकमेकांशी भिडत. खेळाडूला पगार खेळाचा नसे, नोकरीचा असे. पण सरावाला सवलत आणि दुखापत झाली तरी महिन्याचा आधार मिळे. १९६० साली फ्रँको रोम ऑलिंपिकच्या चमूत होते, तेव्हा त्यांचं जन्मगाव भारतात नव्हतं. मधल्या फळीत केम्पय्या आणि राम बहादूर यांची जागा पक्की होती, त्यामुळे फ्रँको यांना थांबावं लागलं. ज्याच्या हाताला काम नाही, त्याला असं थांबणं परवडत नाही.

थांबण्याचं फळ जकार्तात मिळालं. गोवा मुक्त झाल्याला नऊ महिनेही झाले नव्हते; ४ सप्टेंबर १९६२ रोजी एशियाडच्या अंतिम सामन्यात भारतापुढे दक्षिण कोरिया होता. याच कोरियाने पहिल्या सामन्यात भारताला २-० असं हरवलं होतं. इस्रायल आणि तैवानला स्पर्धेतून वगळण्याच्या वादामुळे सेनायानचं भरलेलं स्टेडियम भारताच्या विरोधात ओरडत होतं. सतराव्या मिनिटाला पी. के. बॅनर्जींनी आणि विसाव्या मिनिटाला जर्नैल सिंगांनी गोल केला. कोरियाचा एकमेव गोल पंचाऐंशीव्या मिनिटाला आला. स्मरणात राहतात ते दोन गोल. पण सुवर्णपदक टिकलं ते मधल्या पासष्ट मिनिटांत. बदली खेळाडूची सोय नसताना, बचावफळीपुढे फ्रँको आणि प्रशांत सिन्हा या दोन हाफबॅकना मैदानाचा मधला पट्टा राखायचा होता. प्रतिस्पर्ध्याचा आतला फॉरवर्ड मागे आला की त्याच्या अंगाला चिकटायचं, चेंडू सुटला की छोटा पास देऊन लगेच पुन्हा आपली जागा धरायची. हे काम रोजच्या सरावाचं आहे. एका दिवसाच्या स्फुरणाने ते जमत नाही.

यावर पहिला आक्षेप असा की मुंबईचं उदाहरण मराठवाड्याला लागू पडत नाही. पण मराठवाडा ज्या राज्यात होता, ते हैदराबाद याच बाबतीत मुंबईच्याही पुढे होतं. हैदराबाद सिटी पोलीस संघाने १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षं मुंबईत येऊन रोव्हर्स करंडक जिंकला. नूर मोहम्मदसारखा हाफबॅक हेलसिंकी आणि मेलबर्न अशा दोन ऑलिंपिकला गेला, तो याच संघातून. या संघाचे प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम मुळात शिक्षक. जकार्ताचा संघही त्यांनीच घडवला. पोलिसाची वर्दी आणि शिक्षकाची शिस्त यांतून हे सगळं उभं राहिलं. पण ते राजधानीत उभं राहिलं, आणि औरंगाबाद, म्हणजे आजचं संभाजीनगर, होतं मीटरगेजच्या दुसऱ्या टोकाकडे. १ नोव्हेंबर १९५६ला मराठवाडा हैदराबादपासून सुटून मुंबई राज्यात आला; कूपरेजही दूरच होतं. संतोष करंडकाच्या १९६३-६४च्या स्पर्धेत फ्रँको यांच्यासह महाराष्ट्राने आंध्र प्रदेशाला हरवून त्या नावाने पहिलं विजेतेपद मिळवलं. आपलं जुनं राज्य आणि नवं राज्य अंतिम सामन्यात समोरासमोर होती, पण दोन्हींची फुटबॉलची पाळंमुळं आपल्यापासून लांबच्या शहरांत होती.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: कोल्हापूरचं काय? तिथे कंपन्यांच्या संघांवाचून पेठांनी फुटबॉल जगवला. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा या तालमींच्या सामन्यांना शाहू स्टेडियम भरतं. खरं आहे, पण तालीम ही संस्थाच आहे. ती पोराला मैदान देते, वस्तीची माया देते, मोठ्यांचा धाक देते. तरीही पुढची पायरी तिला एकटीला बांधता आली नाही. २०१७च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात खेळलेला कोल्हापूरचा अनिकेत जाधव घडला तो पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत, म्हणजे सरकारी खर्चाच्या निवासी शाळेत. कोल्हापूरचं उदाहरण माझा मुद्दा खोडत नाही, पुरा करतं: आवड वस्ती लावते, कारकीर्द संस्था उभी करते.

आता व्यावसायिक लीग आहे, नोकरीच्या संघांचे दिवस संपले, असंही म्हणतात. पण २०१४ साली सुरू झालेली इंडियन सुपर लीग ही वरची पायरी आहे. अठरा ते बावीस या वयात, अजून नाव झालेलं नसताना, राखीव बाकावर बसून शिकणाऱ्या कष्टाळू मुलासाठी मधली पायरी कुठे आहे? गुडघ्याच्या दुखापतीने फ्रँको यांचा खेळ लवकर थांबला, तेव्हा ते रस्त्यावर आले नाहीत. हाताशी नोकरी होती. आजच्या मुलाच्या आईबापांना हाच भरवसा हवा असतो आणि तो नसल्यानेच ते दहावीला बूट काढायला लावतात. त्यांना दोष देणं अन्यायाचं आहे.

चिकलठाणा, वाळूज, शेंद्रा अशा औद्योगिक वसाहती या शहराभोवती आहेत. १९५०च्या दशकातल्या मुंबईकडे जे होतं, ते आज संभाजीनगरकडे आहे. प्रत्येक मोठ्या कारखान्याने चार-पाच खेळाडूंना कामावर घेऊन सरावाला सवलत दिली, तर शहरात एक चांगली लीग उभी राहील. मग शिकून नोकरीला लागण्याच्या उस्मानपुऱ्याच्या हिशेबात फुटबॉलही बसेल, आणि मधल्या फळीत खेळू पाहणाऱ्या मुलाला घरातून नकार ऐकावा लागणार नाही.