विषाणू, रोग आणि विश्वकोशीय शीर्षक : क्यासनूर अरण्यरोगाच्या नामेतिहासाच्या संदर्भात

विश्वकोशात एखाद्या रोगाची नोंद कोणत्या नावाने करावी आणि त्याच्या विषाणूची कोणत्या, हा प्रश्न वरवर पाहता केवळ संपादकीय सोयीचा वाटतो. परंतु रोगाच्या इतिहासातील कोणता दुवा वाचकापर्यंत पोहोचतो आणि कोणता मध्येच गळतो, हे बऱ्याच अंशी शीर्षकावर अवलंबून असते. क्यासनूर अरण्यरोगाचा नामेतिहास या दृष्टीने लक्षणीय आहे.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद व रॉकफेलर प्रतिष्ठान यांच्या सहकार्याने १९५२ मध्ये पुणे येथे विषाणू संशोधन केंद्राची स्थापना झाली. पुढे १९७८ मध्ये त्यास राष्ट्रीय विषाणू संस्थेचा दर्जा मिळाला. १९५७ मध्ये तत्कालीन म्हैसूर राज्यातील शिमोगा जिल्ह्यात माकडे मरत असल्याचे व लगतच्या गावांतील माणसे तीव्र तापाने आजारी पडत असल्याचे वृत्त आले. दक्षिण अमेरिकेतील अरण्यांत पीतज्वराने माकडे मरतात, हे संशोधकांस ठाऊक होते. त्यामुळे पीतज्वर भारतात शिरला की काय, अशी शंका प्रथम घेतली गेली. पुण्याच्या संशोधकांनी विषाणू वेगळा केला, तेव्हा तो पीतज्वराचा नसून रशियातील गोचीडजन्य मेंदुज्वराच्या विषाणूंशी निकटचे नाते असणारा निघाला. माणसापर्यंत तो गोचिडीच्या दंशातून पोहोचतो, हेही स्पष्ट झाले.

सोरब तालुक्यातील क्यासनूर अरण्यावरून रोगाचे नामकरण झाले आणि रोगावरून विषाणूचे. परिणामी ‘क्यासनूर फॉरेस्ट डिसीज व्हायरस’ या विषाणूच्या नावातच ‘रोग’ हा शब्द अडकून राहिला. अशा ठिकाणी दोहोंची एकच नोंद करण्याचा मोह संपादकास होणे स्वाभाविक आहे. तथापि ही पद्धत सर्वत्र चालत नाही. झिका विषाणू १९४७ मध्ये युगांडातील अरण्यात एका माकडाच्या रक्तात सापडला, त्या वेळी त्यापासून माणसाला होणारा रोग ज्ञात नव्हता. याउलट कांजिण्या आणि नागीण हे दोन रोग लोकांनी स्वतंत्र मानले. त्यांचा विषाणू मात्र एकच आहे. रोगाचे नाव रुग्णाच्या अनुभवातून येते, विषाणूचे प्रयोगशाळेतून. दोन्हींचा काळ आणि कर्ता वेगळा असतो.

हा भेद आज संस्थात्मक पातळीवरही मान्य आहे. रोगांची नावे जागतिक आरोग्य संघटना ठरवते, तर विषाणूंची आंतरराष्ट्रीय विषाणू वर्गीकरण समिती. ११ फेब्रुवारी २०२० रोजी ‘कोविड-१९’ हा रोग आणि ‘सार्स-कोव्ह-२’ हा विषाणू अशी दोन नावे एकाच दिवशी जाहीर झाली, ती यामुळेच. स्थळ, व्यक्ती वा प्राणी यांवरून नव्या रोगास नाव देऊ नये, असे आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये सुचवले होते. ही सूचना नव्या रोगांपुरती असल्याने क्यासनूर हे नाव टिकले. मंकीपॉक्सचे मात्र २०२२ मध्ये ‘एमपॉक्स’ असे नवे नामकरण झाले. विषाणूच्या नावातील माकड तसेच राहिले, हे विशेष.

याच सुमारास क्यासनूर अरण्यरोग मराठी भाषकांच्या परिसरात अधिक परिचित होत होता. २०१५ मध्ये गोव्यातील सत्तरी तालुक्यात व २०१६ मध्ये सिंधुदुर्ग जिल्ह्यातील दोडामार्ग तालुक्यात त्याची लागण झाली. लोकांनी त्यास ‘माकडताप’ म्हटले. हे नाव शास्त्रीयदृष्ट्या सदोष आहे. माकड स्वतःच रोगाचा बळी ठरते आणि दोष मात्र त्याच्याच माथी येतो. गोचिडीचा या नावात मागमूसही नाही. त्यामुळे संरक्षणासाठी पायांवर औषध लावण्याऐवजी माकडांविषयी भीती वाढण्याचा संभव असतो. असे असले तरी हे नाव टाकाऊ ठरवणे योग्य होणार नाही. रानात माकड मरून पडले, की परिसरात रोग आहे, ही १९५७ मधील पहिली खूण या नावात जपलेली आहे. काजूच्या बागेत जाणाऱ्या मजुराला तीच खूण उपयोगाची आहे.

म्हणून रोगाची नोंद ‘क्यासनूर अरण्यरोग’ या शीर्षकाखाली, विषाणूची स्वतंत्र आणि ‘माकडताप’ या शब्दापुढे ‘पहा’ असा निर्देश, ही मांडणी अधिक न्याय्य ठरते. विषाणूच्या जातींसाठी वर्गीकरण समितीने २०२१ मध्ये द्विपद नामपद्धती स्वीकारली. तीनुसार या जातीचे नाव ‘ऑर्थोफ्लेव्हिव्हायरस क्यासनूरेन्से’ असे झाले असून त्यातून ‘अरण्य’ आणि ‘रोग’ हे दोन्ही शब्द वगळले गेले आहेत.