गोड द्राक्षारस : वेदीवरचा आणि घरचा

ज्युबिलीच्या पुस्तकांत देवळाच्या भिंती केव्हां उठल्या, घंटा कोणीं दिली, ह्याचा वृत्तांत येतोच. नाताळच्या केकाशेजारीं जो लहानसा पेला ठेविला जातो त्याचा इतिहास मात्र कोणी लिहीत नाहीं. म्हणून वाचकांची अनुज्ञा घेऊन तो आम्ही येथें मांडितों.

साष्टींत भात पिके, ताड-माड होते. मद्याच्या द्राक्षांचे मळे येथें नव्हते. १५३४ सालीं गुजराथच्या बहादूरशहानें वसई व तिच्या ताब्यांतील मुलूख पोर्तुगीजांस दिला, आणि पुढें आमच्या दहिसरच्या शेजारीं मंडपेश्वरीं फ्रान्सिस्कन पाद्र्यांनीं मठ व विद्यालय उभारिलें. मिस्साबलिदानास लागणारा द्राक्षारस युरोपांतून जहाजानें येई. आफ्रिकेस वळसा घालून, विषुववृत्त दोनदां ओलांडून येतांना साधा द्राक्षारस आंबट होण्याची भीति फार. त्यावर कालांतरानें निघालेली तोड म्हणजे द्राक्षांपासूनच गाळलेलें स्पिरिट त्यांत मिसळणें. रस आंबत असतांनाच तें घातलें कीं खमीर मरतें आणि उरलेली साखर तशीच राहते, म्हणून पेय गोड. मद्यांश शेंकडा १९-२० पर्यंत चढतो, म्हणून टिकाऊ. पोर्ट होते ती अशी. मदैरा बेटाच्या द्राक्षारसाची तर आणखीच मौज. पिंपें हिंदुस्थानची फेरी करून परत गेलीं कीं जहाजाच्या पोटांतल्या उष्म्यानें रस अधिक रुचकर झालेला असे, आणि अशा फिरून आलेल्या मालाला किंमतही अधिक येई.

हा महागडा माल गांवकऱ्याच्या चुलीपर्यंत कोठून पोंचणार? मांस द्राक्षारसांत व लसणींत मुरविण्याची पोर्तुगीजांची एक रीत होती. गोव्यांत तिचें विंदालू झालें आणि आमच्या घरांत इंदियाल. नांव राहिलें, लसूण राहिली. द्राक्षारसाची जागा शिरक्यानें घेतली. आमच्या मतें त्यांत तोटा कांहींच झाला नाहीं. डुकराच्या चरबीला शिरक्याची आंबट धार जशी मानवते तशी पोर्टची गोडी मानवत नाहीं. गोड द्राक्षारसाचें खरें स्थान नाताळचा केक. मनुका-बेदाणे त्यांत आधींपासून भिजत ठेवावे. कोणाला मांसाच्या रश्श्यांत घालावयाचाच असेल तर शेवटीं, मंद आंचेवर घालावा. मोठ्या जाळावर रस्सा आटला कीं त्यांतली साखर करपते आणि सुवास तर केव्हांच उडून जातो.

पोर्ट परवडेना तेव्हां तिची बहीण घरींच जन्मली. काळ्या मनुका, साखर, मूठभर गहूं व खमीर चिनी मातीच्या बरणींत घालून रोज लाकडी पळीनें ढवळावयाचें. एकवीस दिवसांनीं गाळून पुन्हां तितकेच दिवस निवळूं द्यावयाचें. रंगासाठीं जळकी साखर. साखर इतकी सढळ कीं खमीर आपणच केलेल्या मद्यानें दमतें, आणि उरलेली साखर गोडी देते. कित्येक घरीं शेवटीं पेलाभर ब्रँडी ओततात. पोर्टच्या कारागिरांची युक्ति ती हीच, फक्त उशिरां वापरलेली.

ज्युबिलीनिमित्त अशी घरची बाटली वेदीसाठीं म्हणून आमच्या हातीं देणाऱ्या माउली आहेत. त्यांना नकार देणें जड जातें. तथापि कारण सांगितलेंच पाहिजे. मनुकांचा दोष नव्हे. १७०६ सालींच रोमच्या होली ऑफिसनें ठरविलें कीं रंगावरून व चवीवरून खरा द्राक्षारस म्हणून ओळखूं येत असेल तर मनुकांचाही चालेल. १८९६ सालीं, गोड द्राक्षारसांत आंबणें ओसरूं लागल्यावर द्राक्षांचेंच स्पिरिट घालण्यास अनुमति मिळाली. एकूण मद्यांश मात्र शेंकडा १७-१८ च्या वर नसावा. म्हणजे दुकानांतली पोर्टही बहुधा ह्या मर्यादेबाहेरच. १९८३ च्या धर्मविधिसंहितेचें ९२४ वें कलम द्राक्षारस द्राक्षांपासूनचा, नैसर्गिक व न नासलेला असावा असें सांगतें. घरच्या बाटलींतली बरीचशी शक्ति साखरेची व गव्हाची असते. प्रेमानें ती उणीव भरून निघत नाहीं, हें त्या माउलींना सांगतांना आमचाच आवाज हळू होतो.

सरकारचा नियमही आहेच. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यानें धर्मविधीच्या द्राक्षारसाला वाट ठेविली. घरच्या बरणीला ठेविली नाहीं. परवान्यावांचून घरीं मद्य करणें आजही वर्ज्य आहे. दारूनें ज्यांचे संसार मोडले अशीं कुटुंबें आम्ही जवळून पाहिलीं आहेत, म्हणून त्या कायद्याला आम्ही सरसकट नांवें ठेवणार नाहीं; पण नाताळच्या पेल्याला आणि रोजच्या गुत्त्याला एकाच मापानें मोजणें आम्हांस पटलेलें नाहीं. आतां नाशिकचा द्राक्षारस दुकानांत मिळतो, आणि बहुतेकांचें काम त्यावर भागतें. आजीची चिनी मातीची बरणी कांहीं घरांत अजून आहे. तींत कैरीचें लोणचें असतें.