आगीचा खर्च कोणी सोसावा?

लंडनसारख्या महानगराचे आगीपासून रक्षण करण्याचा भार एके काळी विमा कंपन्यांच्या शिरावर होता, हे ऐकून आज कोणासही नवल वाटेल. परंतु वस्तुस्थिती तशीच होती. आरंभी प्रत्येक कंपनी आपापले बंब बाळगी. इ. स. १८३३ मध्ये १० कंपन्यांनी आपली पथके एकत्र करून एक संयुक्त दल उभारले व त्याचे आधिपत्य जेम्स ब्रेडवुड याजकडे सोपविले.

ब्रेडवुड हा मूळचा एडिंबरोचा. १८२४ साली त्या नगरात अग्निशामक दल स्थापन झाले, तेव्हा वयाच्या अवघ्या चोविसाव्या वर्षी तो त्याचा प्रमुख झाला होता. गवंडी, लोहार, छपरे शाकारणारे असे इमारतीची नाडी जाणणारे कारागीर तो निवडी आणि भल्या पहाटे त्यांजकडून कवायत करवून घेई. दुरून फवारे उडवीत न बसता आत शिरून आगीच्या मुळावर पाणी सोडावे, हा त्याचा दंडक होता. आग विझविणे हे नुसत्या धाडसाचे नव्हे, शिक्षणाचे काम आहे, हे त्याने ओळखले होते.

पण लंडनमध्ये आरंभी त्याच्या हाताखाली माणसे होती ती ८०! हातबंब चालविण्यास बघ्यांनाच पैसे व बिअर देऊन जुंपावे लागे. १८३४ साली खुद्द पार्लमेंटची इमारत जळाली, तरी सरकारने हा भार उचलला नाही. आणि कंपन्यांनी तरी विमा उतरलेल्या मालापलीकडे खर्च का करावा?

२२ जून १८६१ रोजी थेम्सकाठी टूली स्ट्रीटवरील गुदामांना आग लागली. ताग, कापूस, चरबी, सोरा यांनी ती खच्चून भरलेली होती. थकलेल्या शिपायांना धीर देत असतानाच ब्रेडवुडवर भिंत कोसळली व तो जागीच ठार झाला. आग कित्येक दिवस धुमसत राहिली. त्याच्या अंत्ययात्रेस सारे लंडन लोटले.

नुकसानीने हादरलेल्या कंपन्यांनी मग हा भार सोडण्याचा आपला निश्चय सरकारास कळविला. १८६५ चा कायदा झाला आणि १ जानेवारी १८६६ पासून सार्वजनिक दल सुरू झाले. करदात्यांनी पौंडामागे अर्धा पेनी, सरकारने सालीना १०,००० पौंड व कंपन्यांनी दर दहा लाख पौंडांच्या विम्यामागे ३५ पौंड द्यावेत, असे ठरले. नवा प्रमुख कॅप्टन शॉ यास ही मर्यादाही अपुरीच पडली. तथापि नगररक्षणाचा खर्च नगराने सोसावा, हे तत्त्व एकदाचे मान्य झाले.

हा धडा एकट्या लंडनचा नव्हे. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या गोदीत, कापसासवे दारूगोळा भरलेल्या जहाजाचा स्फोट होऊन अग्निशामक दलाचे ६६ जण मृत्युमुखी पडले. दरवर्षी त्या दिवशी त्यांचे स्मरण केले जाते, ते योग्यच होय. परंतु पुष्पचक्रास फारसा पैसा लागत नाही. शिरस्त्राण, शिडी, श्वसनयंत्र आणि रोजची कवायत यांस तो लागतो, व तो आग लागण्यापूर्वीच द्यावा लागतो.