सात टक्क्यांची तूट

आमच्या घरात एक जुनं भांडण आहे. जमिनीचं नाही, बांधाचंही नाही. चांदीच्या वजनाचं आहे.

आम्ही शिरूरचे. जुनी माणसं गावाला अजून घोडनदीच म्हणतात. आत्याच्या लग्नात आजीचे चांदीचे तोडे मोडायचं ठरलं. सोनाराकडे दिले तेव्हा वजन भरलं चाळीस तोळे. आटवून लगड हातात आली ती सदतीस तोळ्यांची. सोनार म्हणाला, "आप्पा, आतली लाख जळाली, डाख होता, वर्षानुवर्षांचा मळ होता. एवढी तूट यायचीच." आजोबा तिथं काही बोलले नाहीत. पण त्यानंतर ते त्या पेढीची पायरी कधी चढले नाहीत, आणि आजी शेवटपर्यंत "माझे तीन तोळे" म्हणत राहिली. चाळिसात तीन, म्हणजे साडेसात टक्के.

पुढे मी रसायनशास्त्र शिकवायला लागलो, दौंड तालुक्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात. शिरूरहून न्हावऱ्यावरून चौफुल्याकडे जाणारी एसटी आणि वाटेत भीमेचा पूल, हे माझं कित्येक वर्षांचं रोजचं आयुष्य. त्या एसटीतच मी पहिल्यांदा क्लेमेन्स विंकलरची गोष्ट वाचली, आणि मला आजीचे तोडे आठवले. कारण विंकलरलाही चांदीच्या हिशोबात तूट आली होती. सात टक्क्यांची.

गोष्ट जर्मनीतल्या फ्रायबर्गची. सॅक्सनीतलं हे गाव चांदीवर उभं राहिलेलं. तिथं चांदी सापडली ११६८ च्या सुमारास, आणि खाणशास्त्र शिकवणारी तिथली अकादमी १७६५ सालची. जवळच्या हिमेल्सफ्युर्स्ट खाणीत १८८५ साली एक अनोळखी खनिज मिळालं. पोलादासारखं करडं, किंचित तांबूस झाक असलेलं, हवेत काळवंडणारं. अकादमीतले खनिजशास्त्राचे प्राध्यापक आल्बिन वाइसबाख यांनी ते नवं आहे हे ओळखलं आणि नाव दिलं आर्जिरोडाइट. ग्रीक भाषेत याचा अर्थ साधारण 'चांदीनं भरलेलं'. मग त्यांनी ते पृथक्करणासाठी विंकलरकडे दिलं.

विंकलर फ्रायबर्गचाच, १८३८ चा जन्म. त्यानं नमुना विरघळवला, एकेक घटक वेगळा केला, वजन केलं. चांदी पावणेपंचाहत्तर टक्के. गंधक सतरा टक्क्यांहून थोडं जास्त. लोखंड, जस्त आणि पारा, तिन्ही मिळून सव्वा टक्काही नाही. बेरीज केली तर त्र्याण्णव. पुन्हा केलं. पुन्हा त्र्याण्णवच. दर खेपेला सात टक्के गायब.

इथं मला थांबावंसं वाटतं. प्रयोगशाळेत काम केलेल्या कुणालाही ठाऊक आहे की बेरीज शंभर येत नाही तेव्हा माणूस काय करतो. गाळणकागदाला काही चिकटलं असेल, थोडं सांडलं असेल, चंचुपात्र नीट धुतलं नसेल. माझे विद्यार्थी तर प्रॅक्टिकलच्या वहीत सरळ आकडे 'बसवतात', आणि खरं सांगायचं तर विद्यार्थी असताना मीही बसवले आहेत. विंकलरनं आकडा बसवला नाही. तराजूवर त्याचा विश्वास होता आणि स्वतःच्या हातावरही. मग एकच शक्यता उरत होती. हे सात टक्के ज्याचे आहेत तो पदार्थ नेहमीच्या गाळणीत सापडतच नाहीये.

१८८५-८६ चा हिवाळा त्यानं यात घालवला. खनिज सोडा आणि गंधकाबरोबर वितळवायचं, पाण्यात घ्यायचं, मग आम्ल घालून काय खाली बसतं ते बघायचं. थोडं आम्ल घातलं की आर्सेनिक आणि अँटिमनी यांचे साके खाली बसत. ते गाळून टाकल्यावर उरलेल्या निवळ द्रावणात काही नाही, असं कुणीही म्हणालं असतं. शेवटी त्यानं त्या द्रावणात हायड्रोक्लोरिक आम्ल भरपूर ओतलं, आणि पांढरा साका धो धो खाली बसला. हा सल्फाइड थोड्या आम्लात विरघळून राहतो आणि खूप आम्लातच बाहेर येतो. म्हणून इतके दिवस तो धुण्याच्या पाण्याबरोबर मोरीत जात होता! तो साका हायड्रोजनमध्ये तापवल्यावर करडी पूड मिळाली. तारीख ६ फेब्रुवारी १८८६. मूलद्रव्य नवं होतं. नाव ठेवलं जर्मेनियम.

यापुढचा भाग आपल्या जास्त जवळचा आहे. रशियात मेंडेलीव्हनं १८७१ सालीच आपल्या कोष्टकात सिलिकॉनच्या खाली एक रिकामं घर ठेवलं होतं आणि त्यात राहायला येणाऱ्या मूलद्रव्याला नाव दिलं होतं एका-सिलिकॉन. हे 'एका' म्हणजे आपलं संस्कृतमधलं 'एक'. एक घर पुढे, म्हणून एक. (दोन घरं पुढे असेल तर 'द्वि'.) बिगरीतल्या पोरालाही येणारा शब्द रशियन माणसानं का उचलला? त्या काळी सेंट पीटर्सबर्गमध्ये संस्कृतचा मोठा अभ्यास चालत असे. पाणिनीची आवृत्ती काढणारा ओटो ब्योटलिंक तिथलाच. पाणिनीच्या व्याकरणातल्या वर्णांच्या मांडणीचा मेंडेलीव्हवर परिणाम झाला असावा, असा तर्क पॉल किपार्स्की या भाषाशास्त्रज्ञानं मांडला आहे. तर्कच तो. पण वर्गात सांगितला की मागच्या बाकावरचेही मान वर करतात.

गंमत अशी की सुरुवातीला कुणालाच हे घर ओळखता आलं नाही. विंकलरला वाटलं हे अँटिमनीच्या खालचं. खुद्द मेंडेलीव्हला वाटलं कॅडमियमच्या खालचं. एका-सिलिकॉन हेच, असं इतरांनी सुचवलं आणि मग आकडे जुळत गेले. भाकीत अणुभार ७२, मिळाला ७२.३२. भाकीत घनता ५.५, मिळाली ५.४७. क्लोराइड शंभर अंशांच्या थोडं खाली उकळेल म्हटलं होतं, ते ८६ ला उकळलं. आपल्याकडे पत्रिका जुळवतात, त्यांत इतके गुण जुळलेले मी पाहिले नाहीत.

आता या खनिजाच्या जातीबद्दल, कारण तिथंही एक तंटा आहे. धातू आणि गंधक एवढीच जोडी असेल तर ते साधं सल्फाइड. त्यात आर्सेनिक, अँटिमनी किंवा बिस्मथ हा तिसरा भिडू येऊन गंधकाबरोबर आम्लाच्या गटासारखा वागू लागला की सल्फोसॉल्ट. चांदीची दोन लालबुंद खनिजं, पायरार्जिराइट आणि प्रौस्टाइट, ही याची ठळक उदाहरणं. पहिल्यात अँटिमनी, दुसऱ्यात आर्सेनिक. आर्जिरोडाइटमध्ये तिसरा भिडू जर्मेनियम. आठ अणू चांदीचे, एक जर्मेनियमचा, सहा गंधकाचे. मग त्याला सल्फोसॉल्ट म्हणायचं का? ढोबळ व्याख्येनं हो. कडक व्याख्येनं नाही, कारण जर्मेनियमची इथली ठेवण आर्सेनिक-अँटिमनीसारखी नाही. त्याच्याभोवती चार गंधक चौफेर बसलेले असतात. स्ट्रुंत्सच्या वर्गीकरणात ते साध्या सल्फाइडांत गेलं आहे. माझं मत विचाराल तर मी त्याला सल्फोसॉल्टांच्या पंगतीत बसवीन, निदान पंगतीच्या टोकाला.

त्याच्या स्फटिकांनीही लोकांना फसवलं. वाइसबाखनं ते आधी एकनताक्ष मानले. १८९३ साली अमेरिकेत पेनफिल्डला बोलिव्हियाचं तसंच खनिज मिळालं, पण स्फटिक घनाकृती वर्गातले. म्हणून त्यानं ते वेगळं ठरवून 'कॅनफिल्डाइट' नाव दिलं. मग वाइसबाखनं आपलं खनिज परत तपासलं, तर तेही तसंच निघालं. पेनफिल्डनं नाव मागे घेतलं आणि जर्मेनियमच्या जागी कथील असलेल्या भावंडाला ते देऊन टाकलं. आता आपल्याला कळतं की आर्जिरोडाइट सुमारे २२३ अंशांच्या वर खरोखर घनाकृती असतं, आणि थंड होताना आतली रचना बदलली तरी बाहेरचा आकार तसाच राहतो. कठीणपणा अडीचच्या आसपास, म्हणजे नखाला थोडं भारी. पण हातात घ्याल तर दचकाल, पाण्याच्या सहापटींहून जड!

हे सगळं आमच्या भागात कुठे मिळायचं? दख्खनच्या काळ्या कातळात चांदी नाही. शिरूरकडे विहीर खणताना निघतात त्या गारगोट्या आणि पांढरे झिओलाइट. याच नगर रस्त्यावर वाघोलीच्या खाणींत निळंशार कॅव्हन्साइट निघालं, जगभरचे संग्राहक त्यासाठी वेडे होतात, पण चांदी नाहीच. राजस्थानात राजपुरा-दरीब्याला चांदीची सल्फोसॉल्ट सापडली आहेत. आमची चांदी मात्र कायम बाहेरून आली, रुपया होऊन नाहीतर तोडे होऊन. १८७३ नंतर जर्मनीनं चांदीचं नाणं सोडलं, भाव कोसळला. त्यात इकडे रुपयाची किंमत घसरली, १८९३ साली टांकसाळी लोकांच्या चांदीला बंद झाल्या. आणि तिकडे फ्रायबर्गच्या खाणी परवडेनाशा झाल्या. १९१३ साली त्या सरकारनं बंद केल्या.

त्याच दशकात आमच्याकडे दुसरा हिशोब पेटला होता. डिसेंबर १८७४ मध्ये शिरूर तालुक्यातल्या करड्यात लोकांनी सावकारांवर बहिष्कार घातला, १२ मे १८७५ ला सुप्याच्या बाजारात वह्या आणि रोखे जळाले, आणि दंगे भीमथडीत, म्हणजे आजच्या दौंडकडच्या मुलखात पसरले. कारणं बरीच होती, कापसाची मंदी, वाढलेला सारा. पण वहीत काय लिहिलंय ते कुळाला वाचता येत नव्हतं, हेही त्यातलंच. तराजू एकाच्या हातात, भरवसा दुसऱ्यानं ठेवायचा.

विंकलरकडे तराजू स्वतःचा होता. आमच्या आजोबांकडे नव्हता. असो.

मागे एकदा मी ओळखीच्या एका कारागिराकडे जुना पोकळ तोडा मोडताना मुद्दाम जाऊन बसलो. मुशीत टाकण्याआधी त्यानं तो कापला, तर आतून काळी लाख निघाली, चांगली मूठभर. तो सवागी टाकत होता, मी वजनं लिहून घेत होतो. तूट आली सहा टक्क्यांच्या वर. घरी येऊन आत्याला सांगितलं. आत्या आता ऐंशीच्या पुढे आहे. तिनं सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मग वरचा दीड टक्का कुठे गेला?"