हळर्णच्या भंगारातली घरगुती यंत्रे आणि एक पुसलेला टिळा

हळर्ण म्हटले की आपल्या मंडळातले सगळे आधी किल्ल्याकडे बघतात, आणि ते बरोबरच आहे. शापोरा नदीकाठचा सावंतवाडीकर भोसल्यांचा हा किल्ला १७४६ मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉय मार्क्विस द कास्तेलु नोव्हु याने घेतला, आणि पुढे त्याला 'मार्क्विस द आलोर्ना' हा किताब मिळाला. आपल्या एवढ्याशा गावाचे नाव असे पोर्तुगालच्या एका सरदार घराण्याला कायमचे चिकटले. यावर आपल्याकडे पुष्कळ लिहून झाले आहे. मी लिहिणार आहे ते किल्ल्याच्या आसपासच्या घरांतून अलीकडे बाहेर पडणाऱ्या सामानाविषयी: स्टोव्ह, गॅसबत्त्या, इस्त्र्या, शिवणयंत्रे, रेडिओ. याला तट नाही, बुरूज नाही, पुरातत्त्व खात्याची पाटी नाही. हे सरळ भंगारात जाते.

मी इतिहास कॉलेजात शिकलेलो नाही. तीस वर्षे कारखान्यांत विजेची यंत्रे सांभाळली. हळर्ण माझे आजोळ. नोकरी सुटल्यावर कागदपत्रांच्या नादाला लागलो, पण मोडी अजून अडखळत वाचतो. यंत्र मात्र मला वाचता येते. म्हणून मंडळात मी माझ्या वाटणीला हे काम घेतले. ते करताना एक चूक माझ्या हातून झाली. ती सांगितल्याशिवाय बाकीचे सांगण्यात अर्थ नाही.

माळ्यावरून टेंपोत

पेडणे महालात गेल्या दहा-पंधरा वर्षांत जुनी घरे झपाट्याने पडली. महामार्ग रुंद झाला, मोपाला विमानतळ आला, जमिनीचे भाव चढले, भावाभावांत वाटण्या झाल्या. मातीच्या भिंतींचे चौसोपी घर पाडून स्लॅबचे बांधायचे ठरले की पहिल्यांदा माळा रिकामा होतो. भंगारवाल्याचा टेंपो दारात उभा असतोच. तो लोखंड वेगळे, पितळ वेगळे, ॲल्युमिनियम वेगळे करतो आणि उरलेले सगळे एका ढिगात टाकतो.

इथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. पितळेला भाव आहे, म्हणून पितळेची वस्तू आधी मरते. लोखंडी वस्तू पावसात पडून राहते, गंजते, पण निदान दिसते तरी. पितळी टाकीचा स्टोव्ह दोन दिवसांत चेपून पोत्यात जातो. त्यामुळे धारगळ आणि म्हापसा भागातल्या तीन-चार भंगारवाल्यांना मी सांगून ठेवले आहे की, पितळी काही आले तर चेपण्याआधी एक फोन करा, वजनाच्या भावापेक्षा थोडे जास्त देईन. ते करतात. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातही अधूनमधून काही सापडते, पण तिथे वस्तू कोणत्या घरातून आली हे कळत नाही, आणि आपल्याला तेच हवे असते.

दुसरा धोका किनाऱ्याचा. सिंगर शिवणयंत्राच्या बिडाच्या नक्षीदार पायांवर फळी टाकून हॉटेलात टेबल करायची पद्धत आता जुनी झाली. पाय टेबलाला जातात, वरचे यंत्र ढिगात. म्हणजे जो भाग बोलका, तोच जातो. यंत्राच्या बैठकीवर क्रमांक ठोकलेला असतो. त्याच्या आरंभीच्या दोन अक्षरांतले पहिले 'ई' असेल, तर यंत्र स्कॉटलंडमधल्या क्लाइडबँकच्या कारखान्यातले. त्या क्रमांकावरून ते कोणत्या काळात तयार झाले हेही काढता येते. ज्या घरात एकही जुने कागदपत्र उरलेले नाही, त्या घरात एवढी तारीख मिळणे ही थोडकी गोष्ट नव्हे.

तारेविना यंत्रयुग

शहरातले छंदिष्ट जुने मिक्सर, टोस्टर, पंखे जमवतात. आपल्याकडे तसे करून चालत नाही. डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला तेव्हा वीज मोजक्याच शहरांत होती. पण म्हणून पेडण्याच्या खेड्यांत यंत्रे नव्हती असे नाही. ती होती, फक्त त्यांना तार नव्हती. ती रॉकेलवर, कोळशावर, पायाने किंवा सुक्या बॅटरीवर चालत. हे एकदा लक्षात आले की भंगाराच्या ढिगात काय शोधायचे ते कळते.

कोळशाच्या इस्त्रीत करवंटीचे निखारे घालत. शेंगेच्या टोकाला पितळेचा कोंबडा असलेल्या इस्त्र्या अजून बऱ्याच घरांत सापडतात.

हवा भरायचा स्टोव्ह हा मूळचा स्वीडनचा. लिंडक्विस्ट नावाच्या कारागिराने १८९२ मध्ये स्टॉकहोमला त्याचा धंदा सुरू केला आणि 'प्रायमस' हे नाव जगभर झाले. हा दुरुस्त करायला अगदी सोपा. पंपाचा चामड्याचा वायसर वाळून कडक झालेला असतो. तो रात्रभर खोबरेल तेलात ठेवला की मऊ होतो. निपलचे भोक पिनने साफ करायचे, मग हवा भरून सांधे साबणाच्या पाण्याने तपासायचे. बुडबुडा आला तर पेटवायचा नाही.

गॅसबत्ती, म्हणजे आपली पेट्रोमॅक्स, ही बर्लिनच्या माक्स ग्रेट्झची. 'पेट्रोलियम' आणि 'माक्स' मिळून ते नाव. तिचे तत्त्व स्टोव्हचेच, फक्त रॉकेलची वाफ ज्योतीऐवजी मेंटल तापवते. या मेंटलची युक्ती ऑस्ट्रियाच्या आउअर फॉन वेल्सबाखने १८८५ च्या सुमारास काढली. मेंटलमध्ये थोरियम असते आणि ते किरणोत्सारी आहे, म्हणून जुन्या बत्तीतली मेंटलची राख फुंकू नये, ओल्या कापडाने टिपून घ्यावी. जत्रेतला दशावतार रात्रभर या बत्त्यांवर चालायचा. मधेच बत्ती मंद झाली की कोणीतरी उठून पंप मारायचा आणि संकासुराचे तोंड पुन्हा उजळायचे. माझ्या लहानपणी हे मी पाहिले आहे.

सगळ्यात नवलाची वस्तू रॉकेलवरचा फ्रीज. डिचोलीकडच्या एका घरात मला तो तांदळाचे कपाट म्हणून वापरात असलेला दिसला. खाली बर्नर, मागे नळ्यांचे जाळे, मोटर नाही. स्वीडनच्या फॉन प्लाटेन आणि मुंटर्स या दोन विद्यार्थ्यांनी १९२२ मध्ये ही रचना केली आणि पुढे इलेक्ट्रोलक्सने ती बाजारात आणली. आत अमोनिया, पाणी आणि हायड्रोजन असतो. उष्णतेने अमोनिया पाण्यातून सुटतो, द्रव होतो, हायड्रोजनच्या संगतीत पुन्हा उडतो आणि उडताना गारवा देतो. आगीने बर्फ करणारे हे यंत्र बंद पडले तर जुने मेकॅनिक ते काही तास उलटे ठेवत. आत साचलेला द्रव हलला की कधीकधी खरोखरच चालू होई. पण नळ्या कापायच्या नाहीत. अमोनियाच्या वाफेने डोळे जातील. मालकांना मी एवढेच सांगितले की तांदूळ राहू द्या, मागच्या नळ्यांना हात लावू नका.

रेडिओ

आता त्या चुकीकडे येतो. पाच वर्षांपूर्वी भंगारवाल्याचा फोन आला: हळर्णच्या एका पाडलेल्या घरातला लाकडी पेटीचा रेडिओ आहे, पितळ नाही, घ्यायचा तर घ्या. मी गेलो. पेटीला वाळवी लागलेली, कापड फाटलेले, आत उंदराचे घर. पण चारही व्हॉल्व्ह जागेवर: डीके ९६, डीएफ ९६, डीएएफ ९६, डीएल ९६. या नावांतल्या पहिल्या 'डी'चा अर्थ, हा व्हॉल्व्ह सुक्या सेलवर तापणारा. ही ९६ ची मालिका १९५० च्या दशकातली. म्हणजे सेट विजेशिवायच्या घरासाठीच घेतलेला, आणि त्या दशकाआधीचा नाही.

वेळ महत्त्वाची आहे. १५ ऑगस्ट १९५५ रोजी याच तालुक्यात पत्रादेवीला पोर्तुगीजांनी सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या. त्याच वर्षी भारत सरकारने गोव्याची आर्थिक नाकेबंदी केली, हद्द बंद झाली, आणि वाडीच्या बाजाराला जाणारी आपली माणसे युरोप-जपानहून बोटीने येणाऱ्या मालावर आली. आणि त्याच वर्षी २५ नोव्हेंबरला वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांचे भूमिगत रेडिओ केंद्र आंबोलीच्या रानातून बोलू लागले. पुढे ते कॅसलरॉकला हलले आणि मुक्तीपर्यंत कोकणी आणि पोर्तुगीजमधून चालू राहिले. आंबोली आपल्यापासून किती लांब? पावसाळ्यानंतर आकाश स्वच्छ असले की घाटाची रांग हळर्णहून दिसते.

मी रेडिओ घरी आणला आणि इंजिनिअरसारखा वागलो. उंदराचे घर काढले, गळके कागदी कपॅसिटर बदलले, व्हॉल्व्हचे पाय घासले. नव्वद व्होल्टची बॅटरी आता मिळत नाही, म्हणून नऊ व्होल्टच्या दहा बॅटऱ्या एकापाठोपाठ जोडल्या. तापवायला दीड व्होल्टचा एक मोठा सेल. या दोन जोडण्यांची अदलाबदल झाली तर चारही व्हॉल्व्ह एका क्षणात जातात, म्हणून तारांना वेगवेगळे रंग दिले. पेटीला पॉलिश केले. डायलच्या काचेवर एक तांबडा डाग होता. खंडेनवमीला यंत्राला कुंकू लावतातच, तेच असणार, असे समजून ओल्या कापसाने पुसले. कापूस तांबडा झाला, काच लख्ख झाली. संध्याकाळी खरखर ऐकू आली, मग कुठलेतरी परदेशी स्टेशन. मला किती आनंद झाला म्हणून सांगू!

त्या आनंदात मी चौकशी करून त्या घरातल्या आजींना भेटायला गेलो. त्या आता म्हापशाला मुलाकडे असतात, वय पंच्याऐंशीच्या आसपास. लग्न होऊन हळर्णला आल्या तेव्हा रेडिओ घरात होता. त्यांनी पेटीवरून हात फिरवला, काचेकडे वाकून बघितले आणि विचारले, "तो तांबडो टिळो खंय गेलो?"

मी म्हटले, "आजी, कुंकू होतं, पुसलं."

त्या म्हणाल्या, ते पूजेचे कुंकू नव्हे. सासरे मराठी वाचत, मोडी वाचत, पण रोमन अक्षर त्यांना येत नसे. डायलवर तर सगळे रोमन. म्हणून हवे ते स्टेशन जिथे लागे तिथे त्यांनी काचेवर टिळा लावला होता. तो फिका झाला की पुन्हा लावत. रात्री जेवणाआधी दार ओढून घ्यायचे, आवाज बारीक करायचा, सुई टिळ्यावर आणायची. "कुठलं स्टेशन?" मी विचारले. त्या हसल्या. "मांव आयकताले, आमी रांदतालीं." सासरे ऐकायचे, आम्ही रांधायचो.

घरी येऊन मी फोनमधला फोटो काढून बघितला. भंगारवाल्याकडे घाईत घेतलेला एकच फोटो, डायलवर बोटभर धूळ. टिळा दिसत नाही. तो पणजीच्या एमिसोरावर असेल, मुंबई आकाशवाणीवर असेल, किंवा आंबोली-कॅसलरॉकच्या त्या आवाजावर असेल. टिळा असता तर निदान बँड आणि जागा मोजता आली असती. दार ओढून घेण्यावरून मनात एक गोष्ट येते, पण मनात येणे हा पुरावा नाही. म्हणून 'स्वातंत्र्याचा आवाज ऐकलेला हळर्णचा रेडिओ' असे मी कुठेही लिहिलेले नाही. कदाचित लिहिता आले असते. तो पुरावा मीच कापसाच्या बोळ्याला लावला.

आता मी काय करतो

पुण्याच्या दिनकर केळकरांनी अडकित्ते, दिवे, कुलपे जमवून एक मोठे संग्रहालय उभे केले. बाणावलीच्या गोवा चित्रमध्ये शेतकऱ्याची टाकलेली अवजारे सांभाळली आहेत. आपल्या मंडळाची ती ताकद नाही, पण वही ठेवायची ताकद आहे.

माझा नियम आता असा. वस्तू मिळाली की आठ दिवस तिला फडके लावायचे नाही. धुळीसकट सहा बाजूंनी फोटो घ्यायचे, क्रमांक, शिक्के, विकणाऱ्याचे लेबल उतरवून घ्यायचे. आत सापडलेले कागद, उंदराने कुरतडलेले वर्तमानपत्रसुद्धा, पाकिटात ठेवायचे. ज्या घरातली वस्तू, त्या घरातले म्हातारे माणूस शोधायचे आणि त्याला ती साफ करण्याआधी दाखवायची, नंतर नव्हे. आणि कुणीतरी केलेली जुनी दुरुस्ती मोडायची नाही. माझ्याकडच्या एका स्टोव्हच्या टाकीला कथलाचे बेढब ठिगळ आहे. नवी टाकी मिळाली असती, पण कुणा घरच्या बाईने दोन वेळची चूल अडली म्हणून कासाराकडून तेवढे भागवून घेतले असणार. ते ठिगळ तिचा दस्तऐवज आहे. स्टोव्ह मी पेटवत नाही, एवढेच.

वाचकांना विनंती एवढीच. तुमच्या माळ्यावर असे काही असेल आणि घर पाडायचे ठरले असेल, तर वस्तू आम्हाला देऊ नका हवे तर. टेंपो यायच्या आधी फोटो घ्या, क्रमांक लिहून ठेवा, आणि घरातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या माणसाला विचारा की हे कोण वापरायचे, कधी, आणि यावर हा डाग कसला.

गेल्या खंडेनवमीला मी रेडिओ घेऊन आजींकडे गेलो होतो. त्यांनी कुंकवाचे बोट घेतले. मला वाटले काचेवर लावतील. त्यांनी पेटीच्या लाकडावर लावले आणि म्हणाल्या, "काचेर नाका, तूं परत पुसतलो."

तो टिळा नवा आहे, स्टेशनचा नाही, अशी नोंद मी त्याच रात्री वहीत केली. पुढे कुणी हा रेडिओ बघेल, त्याची फसगत होऊ नये.